दाते मास्तरांच्या पडवीतले उतारे

शाळेत उभा जन्म काढला की बाईमाणसाजवळ दोन गोष्टी साठतात. खडूची धूळ आणि किस्से. धूळ निदान पदर झटकला की जाते. किस्से कुठले जायला! चार मास्तरणी एका चटईवर बसल्या की एकीचं संपायच्या आत दुसरी "अगं, ते काहीच नाही, माझं ऐक" म्हणून पुढे सरसावते. माझी पाळी आली की मी मात्र शाळेतलं सांगत नाही. मी मास्तरीण होण्याच्या आधीचं सांगते. कारण मी खरी घडले ती कर्जतच्या दाते मास्तरांच्या पडवीत, आणि तिथले किस्से मला अजून पुरून उरलेत.

तेव्हा पुण्याला बायकांचं ट्रेनिंग कॉलेज होतं. तिथं शिरायचं तर आधी प्रवेशाची परीक्षा. सगळ्या जिल्ह्यांना एकच पेपर! गणित घोकून जमायचं, शुद्धलेखन गिरवून जमायचं. पण एक प्रश्न असा असायचा, 'खालील उतारा वाचून उत्तरे लिहा.' उतारा कुठला येणार ते ब्रह्मदेवालाही ठाऊक नाही, मग पाठ काय करणार? आमच्या कर्जत-खालापूरकडच्या मुली नेमक्या तिथंच आपटायच्या.

दाते मास्तर नुकतेच शाळेतून रिटायर झाले होते. "उतारा वाचणं ही तालीम आहे. रोज अंगाला माती लागली पाहिजे!" असं म्हणून त्यांनी दुपारी घरच्या पडवीतच वर्ग काढला. फी नाही. विद्यार्थिनी तीन.

पहिली मी, इंदू. सोळाव्या वर्षी कुंकू पुसून दादाच्या घरी परत आलेली. दुसरी गोदा. तिचा नवरा खोपोलीच्या वीजघरात फिटर. ती खोपोलीच्या गाडीनं यायची आणि गाडीनंच परत जायची. तिसरी सुंदर, चौकची. नवऱ्यानं दुसरी बायको केली, तेव्हा बाप स्वतः गाडी जुंपून गेला आणि हिला घेऊन आला. बाप बैलगाड्यांच्या चाकांना लोखंडी धावा चढवायचा. सुंदरला कर्जतला मावशीकडे ठेवून तो मास्तरांना म्हणाला, "हिला आता कोनाच्या घराच्या दारात नको, शाळेच्या दारात उभी करा."

पडवीच्या आत स्वयंपाकघर, आणि स्वयंपाकघरात मास्तरांच्या पत्नी, माई.

*

पहिल्या दिवशीचा उतारा साधा होता. बैल दमला होता, शेतकऱ्यानं त्याला सावलीत बांधलं, पाणी दाखवलं, आणि स्वतः उन्हात बसून भाकर खाल्ली.

मास्तरांनी विचारलं, "शेतकऱ्याने बैलाला सावलीत का बांधले?"

सुंदर लगेच म्हणाली, "उद्याच्याला पेरनी असनार. बैल पडला तर मानूस काय करल?"

"हे उताऱ्यात आहे?"

"नाय. पन तसंच असतंय!"

मी म्हटलं, "तो बैल त्याच्या वारलेल्या बायकोच्या माहेरहून आला असेल, म्हणून जीव असेल."

मास्तरांनी कपाळावर हात मारला. "अगं, ही बायको आली कुठून? बैल दमला होता म्हणून बांधला! पहिल्याच ओळीत लिहिलंय! एक गोष्ट तिघी नीट ध्यानात ठेवा. परीक्षेत उताऱ्याबाहेर पाऊल टाकायचं नाही!"

गोदा तोवर गप्प होती. ती हळूच म्हणाली, "मास्तर, आजवर घरचे सांगत होते उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू नको. तो कसाबसा ओलांडून आले, तर आता उताऱ्याबाहेरही नको?"

मास्तर हसत सुटले ते थांबेचनात. त्या दिवशी पुढं शिकवणं झालंच नाही.

*

आता दादाचं सांगते.

माझा दादा मामलेदार कचेरीत कारकून. मनानं वाईट नव्हता, पण लोकांच्या बोलण्याला फार भ्यायचा. 'विधवा बहीण रोज दुपारी घराबाहेर जाते' असं कुणीतरी कचेरीत बोललं. झालं! दादा जेवणाच्या सुट्टीत तणतणत पडवीत येऊन उभा राहिला.

"इंदू, चल घरी. उद्यापासून हे बंद."

मी पाटी आवरायला लागले. मास्तर मात्र शांतपणे म्हणाले, "नेतो म्हणता तर न्या. उतारा अर्धा झालाय, तेवढा संपू दे. बसा."

दादा टेकला. उतारा होता नावाड्याचा. नदीला पूर आलेला पाहून नावाडी नाव किनाऱ्याला बांधतो. काठावर सावकार ओरडतो, पैशांचं आमिष दाखवतो, तरी नावाडी हलत नाही. मास्तरांनी विचारलं, "नावाड्याने नाव का सोडली नाही?"

मी तोंड उघडायच्या आत दादा बोलला, "जुनं वैर असणार!"

"नाही," मास्तर म्हणाले. "पूर आला होता."

"पूर हे निमित्त हो! सावकाराशी याचं पूर्वी काहीतरी बिनसलं असणार. कचेरीत असले अर्ज रोज येतात. कागदावर एक असतं, आत भलतंच असतं!"

"पण उताऱ्यात वैराचा शब्द नाही."

"उतारा लिहिणाऱ्यानं लपवलाय!"

वाद इतका रंगला की कचेरीची वेळ झाली, दादाला धावत जावं लागलं. मला घरी न्यायचं साफ विसरला!

संध्याकाळी मी जीव मुठीत धरून पानं वाढली. दादानं आमटीचा भुरका मारला आणि वर न बघता म्हणाला, "उद्या जाशील तेव्हा त्या मास्तरांना सांग. माझंच उत्तर बरोबर होतं."

*

वर्ग पुढं सरकला तसे उतारे संपले. मास्तरांकडची जुनी क्रमिक पुस्तकं आम्ही पालथी घातली. मग मास्तर दिसेल ते वाचायला द्यायला लागले. औषधाच्या बाटलीवरचं, बियाण्याच्या पुडीवरचं, स्टेशनावरच्या पाटीवरचं. एकदा आम्हाला तिघींना प्लॅटफॉर्मवर उभं करून त्यांनी गाड्यांच्या सूचनेवर सहा प्रश्न विचारले. घाटासाठी मागचं इंजिन लागेपर्यंत मेल थांबलेली होती. डब्यातले लोक खिडक्यांतून बघताहेत, आणि सुंदर खणखणीत आवाजात उत्तरं देतेय. एक पोर्टर म्हणाला, "मास्तर, ही बाई स्टेशनमास्तर होनार काय?"

सुंदरनं विचारलं, "का? नाय होऊ?"

अशात गोदानं एकदा लग्नपत्रिका आणली. तिच्या शेजारच्या मुलीचं लग्न होतं. मास्तर खूश! पत्रिका वाचून झाली आणि त्यांनी विचारलं, "यावरून नवऱ्या मुलाबद्दल काय समजते?"

आम्ही तिघींनी भराभर सांगितलं. आजोबांचं नाव, वडिलांचं नाव, मूळ गाव, शिक्षण, नोकरी, मोठे काका कोण, मामा कुठले.

"छान. आणि मुलीबद्दल काय समजते?"

आम्ही पत्रिका पुन्हा वाचली. उलटून पाठची बाजूही बघितली. शेवटी गोदा म्हणाली, "मुलगी आहे, एवढं समजतं. आणि नाव."

मास्तरांनी पत्रिका घडी करून गोदाला परत दिली. मग म्हणाले, "बरोबर. पूर्ण मार्क."

आतून माईंचा आवाज आला, "त्या नावालाही मार्क देऊ नका. ते लग्नात बदलणार!"

*

माईंवरून चहाचं आठवलं.

उतारा झाला की माई चहा द्यायच्या. माझा पेला पितळेचा, आतल्या फडताळातला. गोदा आणि सुंदरचे पेले जर्मनचे, म्हणजे अॅल्युमिनियमचे, पडवीच्या कोनाड्यातले. चहा झाला की त्या दोघी आपापले पेले विसळून कोनाड्यात पालथे घालायच्या. जातीप्रमाणे पेले वेगळे, त्या काळची रीतच ती. मला ते खुपायचं, पण बोलायची हिंमत नव्हती. माझा पेला मात्र दिवसेंदिवस जड वाटायला लागला होता.

एक दिवस मास्तरांनी स्वतः रचलेला उतारा सांगितला. आम्ही लिहून घेतला. 'एका घरी तीन मुली शिकण्यास येत. एकीस पितळेच्या पेल्यात चहा मिळे. दोघींस जर्मनच्या पेल्यात मिळे. त्या दोघी पेले विसळून कोनाड्यात ठेवीत. प्रश्न. या घरात शिक्षण चालू आहे, असे म्हणता येईल काय?'

 आत भांड्यांचा आवाज थांबला. मास्तर आतल्या दाराकडे बघत होते. मला वाटलं, आता माईंना काय वाटलं असेल!

सुंदरनं पाटी खाली ठेवली. "मास्तर, उतारा अपुरा हाय."

"कसा काय?"

"पेले लिवलेत. मुली लिवल्यात. पन चहा कोन करतं ते लिवलंच नाय! रोज एकटं मानूस चुलीपुढं बसतंय. मास्तरानं एकदा बी चहा केल्याचं उताऱ्यात नाय. मंग शिक्षन कोनाचं राहिलंय, ते कसं सांगू?"

आतून हसू फुटलं. इतकं मोकळं हसू मी त्या घरात पहिल्यांदाच ऐकलं. माई पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि सरळ सुंदरशेजारी चटईवर बसल्या.

"ऐकलंत?" त्या मास्तरांना म्हणाल्या. "उद्या चहा तुम्ही करा. पेल्यांचं मी बघते."

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी चहा केला. दूध लागलेलं, साखर दोनदा पडलेली. असा चहा मी जन्मात प्यायले नाही! पण पाचही पेले पितळेचे होते, आणि विसळायला सगळ्यांचे एकत्र गेले.

*

गोदाच्या सासूबाई देशावरच्या. बोलायला फटकळ. सुनेनं शिकायला जावं हे त्यांच्या गळी उतरलेलं नव्हतं. मुलानं हट्ट धरला म्हणून गप्प होत्या, इतकंच. पण गोदा घरी दळता दळता उतारे मोठ्यानं म्हणायची, स्वतःलाच प्रश्न विचारायची, स्वतःच उत्तरं द्यायची. चूक झाली की मास्तरांच्या आवाजात स्वतःला दटावायची, "हे उताऱ्यात आहे का?" सासूबाई तांदूळ निवडत ऐकायच्या. कधी एका अक्षरानं बोलल्या नाहीत.

एकदा शेजारीण आली. दाराशीच बसली आणि आवाज बारीक करून म्हणाली, "तुमची सून काल कर्जत टेसनात एका पुरुषासंगट हसत उभी होती म्हनं!"

गोदा मागच्या दारी होती.  तो पुरुष म्हणजे दाते मास्तर, गाडी चुकू नये म्हणून पोचवायला आलेले! पण आता कुणाला पटवणार? उद्यापासून सगळं बंद, असंच तिला वाटलं.

सासूबाईंनी सूप खाली ठेवलं. "तू सोता बघितलंस?"

"मी न्हवं. ती पल्याडली सांगत हुती."

"तिनं बघितलं?"

"तिला बी कुनीतरी..."

"मंग ह्ये उताऱ्यात हाय, का तुझ्या मनातलं?"

शेजारणीला काही कळलं नाही, पण ती उठून गेली. आणि गोदा सांगते, त्या दिवशी सासूबाईंनी जातं स्वतःकडे ओढलं आणि म्हणाल्या, "तू बस. तू नुसतं मोठ्यानं वाच."

*

परीक्षेला पुण्याला निघालो ते मास्तर आणि आम्ही तिघी. घाटात तेव्हा वाफेची इंजिनं होती. बोगदा आला की खिडक्या लावायच्या आणि नाकाला पदर लावून अंधारात बसायचं. बोगदे एकामागून एक. मास्तरांना वेळ वाया गेलेला चालायचा नाही. त्यांनी नियम काढला, "उजेडात उतारा, बोगद्यात प्रश्न!"

मी वाचत होते. एका राजाकडे शेजारच्या राजानं हत्ती भेट पाठवलेला असतो. हत्ती अन्न सोडतो, रोज आपल्या मुलखाकडे तोंड करून उभा राहतो. राणीला दया येते, पण राजा ऐकत नाही. शेवटी म्हातारा प्रधान गुपचूप साखळी सोडायला लावतो. इतक्यात बोगदा आला. काळोख, धूर, खोकला. त्यातून मास्तरांचा आवाज, "राणीने हत्ती परत का पाठवला?"

आम्ही तिघी विचार करतोय, तोच डब्याच्या कोपऱ्यातून एक घोगरा आवाज आला, "रानीनं कुठं? परधानानं सोडला की!"

बोगदा संपला. उजेड आला. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. एक शिपाई खिडकीबाहेर बघत होता, एक व्यापारी डोळे मिटून बसलेला, एक म्हातारी करवंदांची पाटी धरून. कुणीच कबूल होईना!

मास्तर उभे राहिले. "ज्यांनी उत्तर दिलं त्यांना पूर्ण मार्क! प्रश्न मुद्दाम फसवा घातला होता, आणि माझ्या तिन्ही मुली फसल्या."

पुढच्या बोगद्यात चार जणांनी उत्तरं दिली. त्याच्या पुढच्यात भांडण झालं!

लोणावळा आलं. करवंदवाल्या म्हातारीला उतरायचं होतं. तिच्या नातवानं खालून हाका मारल्या, पाटी उतरवून घेतली. म्हातारी दारात अडून उभी. मागचे लोक ओरडायला लागले, तेव्हा ती म्हणाली, "थांबा की रं! त्यो हत्ती घरला पोचू द्या, मंग उतरते."

मी भराभर शेवटचा परिच्छेद वाचला. हत्ती पोचला. म्हातारी उतरली.

*

आणि परीक्षेत काय यावं? माथेरान!

 आम्ही माथेरानच्या पायथ्याची माणसं. सुंदर लग्नाआधी बापाबरोबर कितीदा वर गेलेली. उताऱ्यात हवा, झाडी, माकडं सगळं ठीक होतं, पण एक वाक्य होतं, 'प्रवासी मोटारीत बसून थेट माथेरानच्या बाजारात उतरतात.' माथेरानला मोटार! तिथं घोडा जातो, माणसानं ओढायची रिक्षा जाते, नेरळहून लहान गाडी जाते. मोटार कुठली? लिहिणारा कधी गेलेलाच नसावा.

खाली प्रश्न, 'प्रवासी माथेरानास कशाने जातात?'

मी दाते मास्तरांना स्मरून 'मोटारीने' लिहिलं आणि पुढे गेले. गोदानंही तेच लिहिलं. बाहेर आल्यावर सुंदरला विचारलं, "तू काय लिहिलंस?"

"खरं ते लिवलं."

मास्तरांचा चेहरा पडला. "अगं, इतके महिने काय शिकवलं मी?"

दुपारी तोंडी परीक्षा होती. परीक्षक बाई सुंदरचा पेपर हातात घेऊनच आल्या आणि सगळ्यांसमोर वाचायला लागल्या, "उताऱ्यातले प्रवासी मोटारीने जातात. खरे प्रवासी नेरळहून लहान गाडीने जातात. मार्क उताऱ्याचे द्यावेत. माहिती फुकट."

बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "ही कोण?"

सुंदर उभी राहिली. "मी. चौकची."

"कुणी शिकवलं तुला?"

सुंदरनं दाराकडे बोट दाखवलं. मास्तर बाहेर व्हरांड्यात उभे होते, टोपी हातात घेऊन, एखाद्या विद्यार्थ्यासारखे. बाई उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि त्यांना नमस्कार करून परत आल्या.

सुंदर आणि मी पास झालो. गोदाचं गणित राहिलं, ते तिनं पुढच्या वर्षी काढलं, आणि तेव्हा तिला पुण्याला पोचवायला सासूबाई स्वतः गेल्या.

*

आता शेवटचा. हा मी सहसा कुणाला सांगत नाही.

तिघी नोकरीला लागलो. पहिल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत ठरवून कर्जतला गेलो. मास्तरांना धोतरजोडी, माईंना लुगडं. मास्तर बाजारात गेले होते. माईंनी लुगड्याच्या पदरावरून हात फिरवला, पण घडी उलगडली नाही.

"लुगडं राहू दे," त्या म्हणाल्या. "मला दुसरं काहीतरी हवंय. यांना सांगणार नसाल तर मागते."

"सांगा ना, माई!"

"मला वाचायला शिकवा."

आम्ही तिघी बघतच राहिलो. इतके दिवस आतून त्यांची उत्तरं ऐकलेली! गोदा म्हणाली, "माई, तुम्हाला वाचता येत नाही?"

"तुम्ही मोठ्यानं वाचायचात ना. मला ऐकू यायचं."

त्या सुट्टीत सुंदर कर्जतलाच राहिली. रोज मास्तर जेवून आडवे झाले की मागच्या अंगणात फणसाखाली माईंची शिकवणी. गोदा आणि मी जमेल तसं जायचो. माईंनी मुळाक्षरं अशी घेतली, जणू ती त्यांच्या वाटेकडे डोळे लावून बसली होती. सुट्टी संपताना त्या जोडाक्षरांवर आल्या होत्या. पुढचं त्यांनी आपलं आपण केलं.

दिवाळीत पुन्हा गेलो. मास्तर ओटीवर झोपाळ्यावर बसून वर्तमानपत्र वाचत होते. त्यांची जुनी सवय होती, आलेल्या वर्तमानपत्रातल्या बातम्या माईंना मोठ्यानं वाचून दाखवायच्या. माई खाली वाती वळत बसायच्या आणि ऐकायच्या. त्या दिवशी माई वाती ठेवून उठल्या आणि झोपाळ्यामागे जाऊन उभ्या राहिल्या. आमच्याकडे बघितलंही नाही.

मास्तर वाचत होते. नगरपालिकेची बातमी झाली. भाताच्या पिकाची झाली. मास्तरांनी पान उलटायला हात घातला.

"अहो," माई म्हणाल्या, "एक राहिली."

"कुठली?"

माईंनी मागून हात पुढे केला आणि कागदावर बोट ठेवलं. "ही. पेणला तापाची साथ आहे म्हणून. माझं माहेर आहे ना पेणला."

झोपाळा थांबला. मास्तरांनी मान वळवून माईंकडे बघितलं. मग त्या बोटाकडे बघितलं. 

"मला घोर नको म्हणून अशा बातम्या किती वर्षं गाळत होतात?" माईंनी विचारलं. आवाजात राग नव्हता.

मास्तरांनी चष्मा काढला, उपरण्यानं पुसला, पण पुन्हा डोळ्यांवर चढवला नाही. ते झोपाळ्यावर एका बाजूला सरकले. वर्तमानपत्र रिकाम्या जागेवर ठेवलं, मग उचलून माईंच्या हातात दिलं.

"बसा," ते म्हणाले. "पुढचं तुम्ही वाचा."